उराकामीचे डॉक्टर ताकाशी पौल नागाई

शूरांच्या कथा ऐकावयास सर्वांनाच आवडतात. परंतु शौर्य म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें तरवार, घोडा आणि रणांगण हींच उभीं राहतात. हातीं शस्त्र नाहीं, अंगांत उठून बसण्याचें बळ नाहीं, आयुष्याचे दिवस मोजके उरले आहेत, अशा माणसालाहि शूर म्हणावें लागतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. पुढील चरित्र अशाच एका शूराचें आहे. त्यानें कोणास मारलें नाहीं, कोणतें नगर जिंकलें नाहीं. जगांतील एका भयंकर संहारांतून तो वांचला, आणि उरलेलें आयुष्य त्यानें कसें वेंचलें, एवढीच ही कथा.

नागासाकी हें नांव आपणां मराठी कॅथलिकांस परकें नाहीं. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्यांच्या पंचवीस सोबत्यांसह त्याच नगराच्या टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. त्या टेकडीच्या उत्तरेस, फार दूर नव्हे, उराकामी नांवाचें एक खोरें आहे. जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाल्यावर ह्या खोऱ्यांतील गरीब शेतकऱ्यांनीं सुमारें अडीचशें वर्षें आपली श्रद्धा गुप्तपणें जतन केली. धर्मगुरू नाहीं, मंदिर नाहीं, पवित्र मिस्सा नाहीं. तरी बाप्तिस्मा देणें, सणवार मोजणें आणि प्रार्थना मुलांस तोंडपाठ करविणें हें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या चालविलें. १७ मार्च १८६५ रोजीं त्यांच्यांतील कांहीं जण नागासाकीच्या ओउरा मंदिरांत फ्रेंच मिशनरी फादर पेतीज्यां ह्यांना येऊन भेटले, तेव्हां हें गुपित जगास कळलें. त्यानंतर छळाची शेवटची लाट आली. सुमारें ३,४०० जणांना गांवांतून हद्दपार करण्यांत आलें. १८७३ सालीं बंदी उठली, तोंपर्यंत त्यांच्यापैकीं सहाशेंहून अधिक माणसें मरण पावलीं होतीं. जीं परत आलीं, त्यांनीं पोटास चिमटा घेऊन १८९५ सालीं एका महामंदिराचें काम आरंभिलें. तें १९१४ सालीं पुरें झालें. १९२५ सालीं त्याचे दोन मनोरे उभे राहिले आणि त्यांतील घंटांचा नाद खोऱ्यांत घुमूं लागला. आपल्या चरित्रनायकाची कथा ह्याच घंटांशीं निगडित आहे.

ताकाशी नागाई ह्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०८ रोजीं जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए नगरीं झाला. वडील डॉक्टर होते, आजोबा जुन्या पद्धतीचे वैद्य. घराणें शिंतो पंथाचें. १९२८ सालीं ताकाशी नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाले. त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षित तरुणांप्रमाणें त्यांचाहि असा ग्रह झाला कीं, मनुष्य म्हणजे केवळ हाडें, मांस व रक्त. जें चिमट्यानें धरतां येत नाहीं आणि सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसत नाहीं, तें नाहींच. १९३० सालीं आई मरणोन्मुख असल्याची खबर आली. ते धांवत घरीं गेले. आईची वाचा गेली होती. पण तिनें मुलाकडे एकटक पाहिलें, आणि पाहतां पाहतांच प्राण सोडला. ती दृष्टि नागाईंना आयुष्यभर विसरतां आली नाहीं. हें पाहणारें कोण होतें, आणि आतां तें कोठें गेलें, ह्या प्रश्नाला शवविच्छेदनाच्या मेजावर उत्तर मिळेना. फ्रेंच शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक पास्काल ह्यांचा ग्रंथ त्यांनीं ह्याच वेळीं हातीं घेतला. एवढा मोठा गणिती देवावर विश्वास कसा ठेवितो, ह्याचें त्यांस नवल वाटलें. कॅथलिक लोक प्रत्यक्षांत कसे वागतात तें पाहावें, म्हणून ते उराकामी येथें मोरियामा ह्या कुटुंबाकडे भाडेकरू म्हणून राहूं लागले. ह्या घराण्याचे पूर्वज छळाच्या काळांत त्या गुप्त ख्रिस्ती मंडळीचे पुढारी होते.

१९३२ सालच्या नाताळांत मोरियामा ह्यांनीं आपल्या बिऱ्हाडकरूस मध्यरात्रीच्या मिस्सेस नेलें. त्याच सुमारास एका बर्फाळ रात्रीं मोरियामांची कन्या मिदोरी पोटांतील असह्य कळांनीं तळमळूं लागली. नागाईंनीं रोग ओळखला आणि तिला पाठुंगळीस घेऊन बर्फांतून इस्पितळ गांठलें. शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि ती वांचली. मिदोरी शाळेंत शिक्षिका होती. पुढें नागाईंना लष्करांत घेऊन मांचुरियास पाठविण्यांत आलें, तेव्हां तिनें त्यांस धर्मशिक्षणाचें एक लहानसें पुस्तक पाठवून दिलें. युद्धांतील मरण व क्रौर्य पाहून ते परत आले, ते अंतर्मुख होऊनच. जून १९३४ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेऊन पौल हें नांव धारण केलें आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत मिदोरीशीं विवाह केला. संत विन्सेंट दि पॉल संस्थेचे सभासद होऊन ते गोरगरिबांस विनामूल्य तपासूं लागले. १९३७ पासून १९४० पर्यंत त्यांस पुन्हां युद्धावर, चीनमध्यें, जावें लागलें. तेथें त्यांनीं जपानी जखमींबरोबर चिनी जखमींचीहि शुश्रूषा केली. ह्या दांपत्याच्या दोन मुली बालपणींच देवाघरीं गेल्या. मुलगा माकोतो आणि धाकटी कायानो अशीं दोन लेंकरें उरलीं.

विद्यार्थिदशेच्या अखेरीस झालेल्या कानाच्या दुखण्यामुळें नागाईंना छाती तपासण्याच्या नळीचा उपयोग नीट करतां येत नसे. म्हणून त्यांनीं क्ष-किरणांची शाखा पत्करली होती. ही शाखा त्या वेळीं नवी व धोक्याची होती. युद्धकाळांत क्षयरोग्यांची संख्या वाढली आणि फोटोच्या फिल्मा मिळेनाशा झाल्या. तेव्हां नागाई किरणांसमोर उभे राहून पडद्यावर प्रत्यक्षच रोग्यांच्या छात्या तपासीत. दिवसाकाठीं कितीएक रोगी येत. एकालाहि परत पाठविणें त्यांच्या जिवावर येई. आपल्या शरीरांत काय सांचत आहे, हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. जून १९४५ मध्यें त्यांच्या रक्ताची तपासणी झाली. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढविणारा ल्युकेमिया हा रोग जडला होता. आयुष्य फार तर तीन वर्षें, असें निदान झालें.

त्यांनीं घरीं येऊन पत्नीस सर्व सांगितलें. मिदोरीनें क्रुसापुढें मेणबत्त्या लावून बराच वेळ प्रार्थना केली, आणि मग शांतपणें पतीस धीर दिला कीं, जगणें असो वा मरणें असो, दोन्ही देवाच्या गौरवासाठींच आहेत. ती इतक्या धैर्यानें बोलली कीं, नागाई दुसऱ्या दिवशीं ताजे होऊन कामावर गेले. पतीच्या मागें ही बाई मुलांस सांभाळील, ह्याविषयीं त्यांस शंका उरली नाहीं. परंतु मनुष्य योजितो एक आणि घडतें निराळेंच. ८ ऑगस्टच्या सकाळीं ते डबा विसरून घरांतून निघाले. अर्ध्या वाटेवरून परत आले, तों मिदोरी जमिनीवर बसून एकटीच रडत असलेली त्यांस दिसली. जिनें त्यांच्यासमोर एक अश्रु गाळला नव्हता, तिचें खरें दुःख त्यांना त्या वेळीं कळलें. त्या रात्रीं इस्पितळांत त्यांची पाळी होती. त्या दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं अमेरिकेचें बाँबफेकें विमान प्रथम कोकुरा ह्या शहरावर गेलें. तेथें आकाश झांकोळलेलें असल्यामुळें तें नागासाकीकडे वळलें, आणि सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं उराकामी खोऱ्यावर सुमारें ५०० मीटर उंचीवर अणुबाँबचा स्फोट झाला. एका क्षणांत घरें, झाडें, माणसें सारीं भुईसपाट झालीं व मागाहून आगीनें घेरलीं. महामंदिरांत स्वर्गोन्नयनाच्या सणापूर्वीं पापनिवेदन ऐकण्यास दोन धर्मगुरू बसले होते. ते व त्यांच्याकडे आलेले भाविक तेथेंच गाडले गेले. उराकामीच्या सुमारें १२,००० कॅथलिकांपैकीं सुमारें ८,५०० मृत्युमुखीं पडले. सबंध नगरांत त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मेलेल्यांची संख्या ७०,००० च्या वर गेली.

नागाई त्या वेळीं स्फोटाच्या केंद्रापासून सुमारें ७०० मीटरांवर, इस्पितळाच्या क्ष-किरण विभागांत होते. काचांनीं त्यांच्या उजव्या कानशिलाची रक्तवाहिनी तुटली आणि रक्ताची चिळकांडी उडूं लागली. डोक्यास घट्ट पट्टी बांधून ते उठले. वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक, विद्यार्थी, परिचारिका आणि रोगी मिळून ८०० हून अधिक जण ठार झाले होते. जे मूठभर उभे राहूं शकत होते, त्यांस गोळा करून नागाईंनीं जळत्या इमारतींतून रोग्यांस टेकडीवर हलविलें. औषधें नाहींत, यंत्रें नाहींत, पाणी नाहीं. चादरीवर रक्तानें सूर्याचें चिन्ह काढून त्यांनीं निशाण उभारलें, कारण विस्कळित झालेल्या माणसांस एकत्र येण्यास कांहीं तरी खूण पाहिजे होती. रक्तस्रावानें ते मधून मधून बेशुद्ध होत. शुद्धीवर आले कीं पुन्हां काम सुरू. मुलें दोनच दिवसांपूर्वीं आजीबरोबर डोंगरांतील खेड्यांत गेलीं होतीं, म्हणून तीं सुरक्षित असावींत, एवढी आशा होती. मिदोरी मात्र इस्पितळाकडे आली नाहीं. जिवंत असती तर रांगत का होईना, ती आली असती, हें त्यांनीं ओळखलें; पण रोग्यांस सोडून ते घरीं गेले नाहींत.

तिसऱ्या दिवशीं, ११ ऑगस्टला, ते आपल्या घराच्या जागीं गेले. राखेखेरीज तेथें कांहीं नव्हतें. स्वयंपाकघराच्या ठिकाणीं थोडीं काळवंडलेलीं हाडें सांपडलीं, आणि त्यांच्या शेजारीं वितळलेली जपमाळ. तिची सांखळी व क्रूस ओळखूं येत होता. ज्या पत्नीनें आपलीं हाडें उचलावयाचीं, तिचींच हाडें एका बादलींत घालून त्यांनीं उचलून नेलीं. हातांत तिचें सारें वजन तें केवढें! तरी प्रार्थना करीत तिला मरण आलें, ह्याबद्दल त्यांनीं देवाचे आभार मानले.

दुसऱ्याच दिवसापासून नागाई आणि त्यांचे थोडे सहकारी मित्सुयामा येथील डोंगरांत जाऊन तेथें आश्रय घेतलेल्या जखमींस वाड्यावाड्यांतून तपासूं लागले. ज्यांच्या अंगावर ओरखडाहि नव्हता, तेच पुढें केंस गळून, रक्त पडून मरूं लागले. ह्या अपरिचित रोगाचीं लक्षणें नागाई बारकाईनें टिपून ठेवीत. सप्टेंबरांत ते स्वतःच कोसळले. कानशिलाची जखम पुन्हां वाहूं लागली, आणि शेवटचे संस्कारहि त्यांस देण्यांत आले. त्या वेळीं हाँगोची येथील मठांतून आणलेलें लुर्द मातेचें पाणी त्यांस पाजण्यांत आलें. हा मठ फादर माक्सिमिलियन कोल्बे ह्यांनीं नागासाकीस असतां स्थापिला होता. हेच कोल्बे १९४१ सालीं ऑशविट्झच्या छावणींत दुसऱ्या कैद्याऐवजीं मरणाला सामोरे गेले. त्यांच्या मध्यस्थीनें आपलें रक्त थांबलें, अशी नागाईंची अखेरपर्यंत श्रद्धा होती. कांहीं असो, ते वांचले, आणि मित्सुयामांतील शुश्रूषा ५८ दिवस चालली. तिचा वैद्यकीय वृत्तांत त्यांनीं महाविद्यालयास सादर केला.

ह्या भूमींत सत्तर वर्षें गवताची काडीहि उगवणार नाहीं, अशी आवई सगळीकडे उठली होती. नागाईंनीं पुस्तकांत पाहण्याऐवजीं जमिनीकडे पाहिलें. राखेंत मुंग्या चालतांना दिसल्या. पुढें गांडुळें दिसलीं. जेथें मुंगी जगते तेथें माणूसहि जगेल, असें म्हणून त्यांनीं भग्नावशेषांतील लांकडांची व पत्र्यांची खोपटी उभारली आणि मुलांसह तेथें राहावयास आले. त्यांच्या मागोमाग इतर लोकहि परतूं लागले.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजीं पडक्या महामंदिराच्या अंगणांत मृतांसाठीं मिस्सा झाली आणि धर्मग्रामवासीयांतर्फे बोलण्याचें काम नागाईंकडे आलें. ऐकणाऱ्यांपैकीं प्रत्येकाच्या घरीं कोणी ना कोणी मेलें होतें. हा देवाचा कोप आहे, उराकामीकरांचें पाप आहे, असें शेजारपाजारचे लोक उघड बोलत होते. नागाईंनीं तें नाकारलें. त्यांनीं सांगितलें कीं, आपलीं माणसें शिक्षा भोगून मेलीं नाहींत. युद्धाच्या पापाच्या प्रायश्चित्तार्थ वेदीवर अर्पिलेल्या निष्कलंक कोंकरासारखीं तीं गेलीं. ह्या शब्दांनीं त्या दिवशीं शेंकडो हताश माणसांना आधार दिला. पुढें मात्र ह्या विचारावर टीकाहि झाली. बाँब करणारे आणि टाकणारे हात माणसांचे. युद्ध सुरू करणारे आणि लांबविणारेहि माणसेंच. त्यांची जबाबदारी देवाच्या नांवावर कशी घालावी, असें पुष्कळांनीं विचारलें. १९८१ सालीं पोप दुसरे जॉन पॉल हिरोशिमास गेले, तेव्हां युद्ध हें मनुष्याचेंच कृत्य होय, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. टीका खरी आहे. पण त्या सकाळीं बोलणारा मनुष्य पुढाऱ्यांचा न्यायनिवाडा करावयास उभा नव्हता. स्वतःच्या बायकोचीं हाडें उचलून आलेला तो एक शेजारी, तशाच शेजाऱ्यांच्या मृतांचा मान राखीत होता. युद्धास त्यानें कधींहि पवित्र म्हटलें नाहीं, आणि पुढें जें जें लिहिलें, त्यांत शांतीचीच भीक मागितली.

त्याच वर्षीं नाताळापूर्वीं तरुणांनीं मंदिराच्या ढिगाऱ्यांत खणावयास सुरुवात केली. दोन घंटांपैकीं एक फुटून गेली होती. दुसरी मात्र अभंग सांपडली. तिघई उभारून त्यांनीं ती टांगली, आणि नाताळच्या पूर्वसंध्येस तिचा नाद त्या ओसाड खोऱ्यावर पुन्हां घुमला. उपाशी, उघड्यानागड्या माणसांनीं तो ऐकला आणि क्रुसाची खूण केली.

१९४६ च्या उन्हाळ्यांत नागाईंनीं अंथरूण धरलें, तें कायमचें. पोटांतील प्लीहा इतकी सुजली कीं बसणेंहि अशक्य झालें. १९४८ सालीं मित्रांनीं त्यांस दोन चटयांची, म्हणजे सुमारें सहा फूट लांब व तितकीच रुंद, अशी झोपडी बांधून दिली. शेजाऱ्यावर आपणांसारखीच प्रीति करावी, ह्या प्रभूच्या आज्ञेवरून त्यांनीं तिचें नांव न्योकोदो ठेविलें. आपणांसारखेंच, असा त्याचा भाव. हात आणि डोळे एवढेच काय ते चालत होते. तेव्हां उताणें निजून, छातीवर फळी धरून ते लिहूं लागले. नागासाकीची घंटा हें त्यांचें प्रसिद्ध पुस्तक १९४६ सालींच लिहून झालें होतें. पण परकीय लष्करी अंमलाची परवानगी मिळण्यास विलंब लागून तें जानेवारी १९४९ मध्यें बाहेर पडलें, आणि तेंहि जपानी सैन्यानें मनिला येथें केलेल्या अत्याचारांचा वृत्तांत त्यास जोडल्यानंतर. पुढच्या वर्षीं त्यावर बोलपटहि निघाला.

पैसा आला, पण झोपडी मोठी झाली नाहीं. एका वृत्तपत्राकडून मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेंतून त्यांनीं उजाड उराकामींत चेरीचीं एक हजार रोपें लावविलीं. मुलांसाठीं पुस्तकांची एक खोली उघडली. १९४८ सालीं अंध व बधिर असूनहि जगाचा प्रवास करणाऱ्या हेलन केलर ह्या झोपडीच्या दारीं येऊन गेल्या; १९४९ सालीं खुद्द जपानचे सम्राट त्यांस भेटले, आणि त्याच वर्षीं नागासाकीनें त्यांस आपला सन्मान्य नागरिक केलें.

परंतु सम्राटाच्या भेटीहून एक लहानशी गोष्ट त्यांच्या लेखणीनें अधिक जिव्हाळ्यानें नोंदविली आहे. धक्का लागला तर सुजलेली प्लीहा फुटेल, म्हणून धाकट्या कायानोला ते कधीं जवळ येऊं देत नसत. एकदां बाप झोंपला आहे असें समजून ती हळूच आली, आणि त्यांच्या गालाला आपला गाल लावून बाबांचा वास येतो, असें पुटपुटली. नागाई जागेच होते. पण त्यांनीं डोळे उघडले नाहींत. आईविना राहिलेल्या आणि लवकरच बापासहि मुकणाऱ्या त्या लेंकरास त्या क्षणींहि कवटाळतां येऊं नये! ज्यानें अणुबाँबच्या वणव्यांत पाय मागें घेतला नाहीं, त्याची खरी लढाई ह्या दोन चटयांवर चालली होती, असें आम्हांस वाटतें.

डॉक्टरांनीं दिलेलीं तीन वर्षें केव्हांच उलटून गेलीं होतीं. आपल्या शेवटच्या आजाराचा वैद्यकीय विद्यार्थ्यांस अभ्यास करतां यावा, म्हणून नागाई इस्पितळांत दाखल झाले, आणि १ मे १९५१ रोजीं हातीं क्रूस घेऊन वयाच्या ४३ व्या वर्षीं प्रभूकडे गेले. त्यांच्या अंत्यविधीस सुमारें २०,००० माणसें लोटलीं. मिदोरीच्या शेजारींच त्यांस विसांवा मिळाला. ह्या पतिपत्नींस संतपद लाभावें म्हणून अलीकडे भाविकांचे प्रयत्न चालू आहेत.

महामंदिर १९५९ सालीं पुन्हां उभें राहिलें. पण एका मनोऱ्यांत फुटलेल्या घंटेची जागा रिकामीच होती. ती अमेरिकेंतील कॅथलिकांनीं वर्गणी करून भरून दिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं, बरोबर ११ वाजून २ मिनिटांनीं, जुनी आणि नवी अशा दोन्ही घंटा ऐंशीं वर्षांनंतर प्रथमच एकत्र वाजल्या. ज्या देशानें ती घंटा फोडली, त्याच देशाच्या भाविकांनीं दुसरी आणून टांगली. नागाई ह्यांनीं अंथरुणावर पडून जी याचना केली होती, तिचें ह्याहून चांगलें उत्तर कोणतें असूं शकेल?

वाचकहो, वसईच्या सुपुत्रानें ज्या नगरांत रक्त सांडलें, त्याच नगरांतील ह्या डॉक्टराची कथा आपण घरीं मुलाबाळांस सांगावी. संकट कोणास चुकत नाहीं. कोणाच्या घरीं दीर्घ आजार असतो, कोणाचा जोडीदार अवेळीं जातो, कोणाचें होतें नव्हतें तें पुरांत किंवा आगींत जातें. अशा वेळीं हातीं काय उरलें, हें मोजीत बसण्याचा मोह होतो. नागाईंच्या हातीं दोन चटया, दोन लेंकरें आणि मोजके दिवस उरले होते. ते त्यांनीं शेजाऱ्यासाठीं खर्चिले. आपल्या मंदिराची घंटा सायंकाळीं वाजेल, तेव्हां उराकामीच्या त्या मृतांसाठीं एक नमो मरिया म्हणावी, आणि अंथरुणास खिळलेल्या एखाद्या शेजाऱ्याचें दार ठोठवावें.